उरल्यासुरल्याची नळी

तक्रारीचे फोन मुंगीच्या अंगवळणी पडलेले होते. आभाराचा फोन मात्र त्या सोमवारी पहिल्यांदाच आला, आणि त्यानंतर तिचं बूड काही खुर्चीला टेकेना.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. कामावरच्या लोकांनी ते ठेवलं, कारण ती सदा लगबगीत असे आणि तिच्या हातून कणभर काही वाया जात नसे. पाठकोरा कागद दिसला की ती तो बाजूला ठेवी. खोक्यांच्या दोऱ्या सोडवून गुंडाळी. एकदा तर तिनं पाव खाताना टेबलावर पडलेला चुरा बोटानं टिपून खाल्ला, तोही मोठ्या साहेबांसमोर, आणि साहेबांनाच लाज वाटली.

ती जिथं काम करी त्याला कारखाना म्हणावं तर धूर नाही, दवाखाना म्हणावं तर रोगी नाही, आणि शाळा म्हणावं तर घंटा नाही. तिथं प्रथिनं घडत. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, वेशीवरच्या पहारेकऱ्यांसारख्या. एकीला शत्रू दिसला की ती एक प्रथिन सोडते. ते दुसरीपर्यंत पोचलं की दुसरी जागी होते, वाढते, एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी होतात. या प्रथिनाचं कागदावरचं नाव लांबलचक, आकड्यांचं आणि आडव्या रेघांचं. कामावर मात्र सगळे त्याला ‘हाक’ म्हणत. माणसाच्या पेशीतला त्याचा आराखडा तेवढा उचलून जिवाणूंच्या पोटात घातलेला. आणि ते बिचारे जिवाणू, हाक कुणाची, कुणासाठी, काही ठाऊक नसताना ती घडवत बसायचे. मग ती गाळायची, निवळायची, कुपीत भरायची, गोठवून सुकवायची. हातात घेतली तर कुपी रिकामीच वाटे. उजेडाकडे धरली तर तळाशी दव सुकल्यासारखा एक पुसट डाग. हे औषध नव्हे, कुणाला टोचायचं नव्हे. दूरदूरच्या प्रयोगशाळांतले संशोधक ती विकत घेत आणि आपापल्या पेशींना हाका मारून बघत.

मुंगीची कामं दोन. एका वेळी घडवलेल्या प्रत्येक खेपेचा कस लावायचा, म्हणजे हाकेत जोर किती ते मोजायचं. आणि कुणाची तक्रार आली तर उत्तर लिहायचं.

“ताई, मी बोलतेय. ती कटकटी मुलगी,” फोनवरचा आवाज म्हणाला. “तीन पत्रं पाठवली होती बघा. तुमच्या हाकेनं माझ्या पेशी जाग्या होत नाहीत म्हणून.”

“आठवलं की. उत्तर दिलं होतं आम्ही.”

“त्याच उत्तराचे आभार मानायला फोन केलाय. तुम्ही लिहिलं होतं, आमच्या कुप्या तपासल्या, जोर पुरेपूर आहे, दोष कृपया आपल्या पेशींत शोधावा. खोटं कशाला बोलू, मी तुम्हाला दोन शिव्या हासडल्या.”

“नाही पोचल्या हो.”

“बरं झालं! पण मग मी खरंच शोधला ताई. आणि सापडला!”

मुलगी एका थकव्याच्या आजारावर काम करत होती. माणसं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळतात आणि तपासात काही म्हणता काही निघत नाही, असा आजार. तिनं निरोगी लोकांच्या पेशींना हाक दिली, त्या ताडकन उठल्या. आजाऱ्यांच्या पेशींना तेवढीच हाक दिली, त्या अर्ध्याच उठल्या. तिला आधी वाटलं कुपीच फुसकी. पण कुपी ठीक आहे असं कंपनीच सही-शिक्क्यानिशी सांगते, म्हणजे पेशीच अर्ध्या बहिऱ्या! आजपर्यंत कुणाला न दिसलेली गोष्ट तिला दिसली होती. शुक्रवारी ती पाचशे लोकांसमोर ते मांडणार होती.

“आमचे मोठे डॉक्टर तर म्हणतात, आजाऱ्यांना हाकच कमी पडतेय, पुढच्या वर्षी बाहेरून टोचून बघू. ताई, एवढी वर्षं या लोकांना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून घरी पाठवत होते. आता माझ्याकडे आकडा आहे. जवळजवळ नेमका अर्धा.”

“नेमका अर्धा,” मुंगी म्हणाली. मग उगाच, म्हणजे तिला त्या वेळी उगाचच वाटलं, तिनं विचारलं, “निरोग्यांच्या पेशी तुम्ही कधी तपासल्या होत्या?”

“त्या? दोन वर्षांपूर्वी. आधी निरोगीच घ्यायचे असतात ना. आजाऱ्यांच्या या सहा महिन्यांत.”

मुंगीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं शुभेच्छा दिल्या, फोन ठेवला, उठली, खिडकी उघडली, खिडकी लावली, बाटल्यांची रांग सरळ केली, आणि ती आधीपासूनच सरळ होती हे पाहून पुन्हा बसली. बसवेना म्हणून परत उठली.

आता कस कसा लावतात तेही सांगायला हवं, नाहीतर मुंगीच्या जिवाला काय लागलं ते कळायचं नाही.

मुंगीपाशी एका जातीच्या पेशी पाळलेल्या होत्या. खायला काहीही घाला, हाक मिळाली नाही तर त्या जगत नसत. चाचणीच्या आधी त्यांना काही तास हाकेविना ठेवायचं. मग खळग्याखळग्यांच्या एका पसरट ताटलीत त्या वाटायच्या. पहिल्या खळग्यात हाक भरपूर, दुसऱ्यात तिच्या निम्मी, तिसऱ्यात त्याच्याही निम्मी, अशी उतरत जायची. दोन दिवसांनी निळा रंग घालायचा. जिथं पेशी जिवंत, तिथं निळ्याचा गुलाबी होतो. जिथं मेल्या, तिथं निळा तो निळाच. गुलाबी जितकं लांब जाईल तितका हाकेत जोर.

पण जोर नुसता मोजता येत नाही. तो कशाच्या तरी शेजारी ठेवून मोजावा लागतो. त्यासाठी ‘प्रमाण’ होतं. थोरल्या बाईंनी, म्हणजे कस विभागाच्या प्रमुखांनी, बारा वर्षांपूर्वी आपल्या हातानं केलेली एक उत्तम खेप, तीनशे छोट्या कुप्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या कपाटात गोठवलेली. प्रत्येक चाचणीला एक प्रमाण-कुपी काढायची, त्यातले चार थेंब वापरायचे, आणि उरलेलं टाकून द्यायचं. पुन्हा गोठवायचं नाही. गोठलं, वितळलं, गोठलं, वितळलं, की प्रथिनाची घडी मोडते. हा नियम भिंतीवर बाईंच्याच अक्षरात लिहिलेला होता.

टाकून द्यायचं! मुंगीला ते दरवेळी बघवत नसे. कुपीत थेंब बारा, वापरायचे चार, आणि आठ थेंब सोनं मोरीत. तीनशेच्या वीस कुप्या राहिल्या तेव्हा तिनं बाईंना सांगितलं, नवं प्रमाण करू या. बाईंनी वर सांगितलं. वरून उत्तर आलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी उत्तर आलं, पुढच्या वर्षी. तेव्हा मुंगीनं कुणाला न सांगता एक मोठी नळी घेतली आणि कुप्यांतलं उरलंसुरलं तीत जमवायला लागली. चाचणीच्या दिवशी नळी वितळवायची, चार थेंब घ्यायचे, नळी परत कपाटात. शाबूत कुप्यांना हात लावायचा नाही. घरच्या सुगरणीनं डब्याच्या तळाला मूठभर राखून ठेवावं, तशा त्या नऊ कुप्या तिनं कपाटाच्या तळाशी राखल्या होत्या. चाचणीच्या कागदावर एक छापील ओळ असे, ‘नवी प्रमाण-कुपी उघडली’, पुढं चौकोन. त्या चौकोनात ती दर वेळी खूण करी. पहिल्यांदा हात थबकला होता. नंतर नंतर हाताला ती खूण दिसेनाशीच झाली.

दोन वर्षं. नळी किती वेळा वितळली असेल? मुंगीनं बोटं मोजायला घेतली आणि बोटं पुरेनात तेव्हा थांबली.

मंगळवारी सकाळी तिनं गुपचूप एक चाचणी मांडली. वरच्या ओळीत कपाटाच्या तळातली शाबूत कुपी. खालच्या ओळीत नळी. दोन्हीत एकच हाक, एकाच हातची, एकाच दिवशी जन्मलेली. गुलाबी दोन्हीकडं सारखंच लांब गेलं तर मुंगी सुटली. उत्तर गुरुवारी.

गुरुवारपर्यंत काय करायचं? पायाला भिंगरी लागल्यासारखी ती फिरत राहिली. ताटली उबदार कपाटात होती आणि मुंगी दर तासाला त्याचं दार उघडून बघे. रंग घातल्याशिवाय काही दिसणार नव्हतं, हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक? तरी बघे.

“काय गं, अंडी उबवतेयस का आत?” मागून बरकतराव म्हणाले.

बरकतराव म्हणजे जिवाणूंच्या टाक्या सांभाळणारे. हे नावही कामावरचंच, आणि ताजं. पूर्वी हाकेच्या एका खेपेतून सहाशे कुप्या भरत. गेल्या दोन वर्षांत त्या सातशे, नऊशे, करत करत मागच्या महिन्यात साडेअकराशे झाल्या होत्या. माणूस तोच, टाक्या त्याच. सगळे म्हणू लागले, यांच्या हाताला बरकत आहे. त्यांना आधी संकोच वाटला. मग त्यांचाही विश्वास बसला.

“माझा फोटो लावणार आहेत, कळलं का? खाली दारापाशी. मी म्हटलं, टाकीबरोबर काढा, एकट्याचा नको. एकटा मी अगदीच वाळका दिसतो.”

“छान झालं की,” मुंगी म्हणाली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, “बरकतराव, खेपेचं वजन किती भरतं हो हल्ली? कोरडं वजन?”

“वजन? वजन तेवढंच. पहिल्यापासून जेवढं होतं तेवढंच.” त्यांनी दोन बोटांनी हवेत चिमूट धरून दाखवली. “वजनावर जाऊ नकोस. कस बघ कस! तूच तर लावतेस. तू म्हणतेस जोर दुप्पट आहे, म्हणून सुकवणारे दुप्पट पाणी घालून दुप्पट कुप्या भरतात. तेवढ्याच मालात दुप्पट जोर. याला म्हणतात हात.”

मुंगीनं उबदार कपाटाचं दार घट्ट धरलं. चाचणीचं उत्तर यायला अजून पूर्ण दिवस होता, आणि ते तिला इथंच, कपाटापाशी, एका भल्या माणसाच्या हसऱ्या तोंडून मिळालं होतं. माल तेवढाच. जोर वाढलेला नव्हताच. ज्याच्याशी जोखायचं तेच खंगत गेलं होतं, आणि खंगलेल्याच्या शेजारी उभं केलं की कुणीही पैलवान दिसतो. म्हणून पाणी जास्त. म्हणून कुप्या जास्त. म्हणून प्रत्येक कुपीत हाक अर्धी, आणि वर तिची सही, जोर पुरेपूर आहे.

“अगं, तुला बरं वाटत नाही का?” बरकतराव म्हणाले.

“उभ्याउभ्या खाल्लं मघाशी, त्यानं,” मुंगी म्हणाली आणि निघून गेली.

घरी आई होती. मुंगी आणि तिची आई, दोघीच. आईला गुडघ्यांनी बसवलेलं, पण जिभेनं नाही. येता जाता ओवी जुळवायची तिला खोड. शेजारणीवर, भाजीवर, पंख्याच्या आवाजावर, कशावरही. बुधवारी संध्याकाळी मुंगीनं एकच ताट तिसऱ्यांदा पुसायला घेतलं तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली,

“हातात फडकं, ताटाला तडकं,
मनात धडकं, कोण गं तुझ्या?”

“कोणी नाही. तडकं काय, आई? असा शब्द आहे का?”

“आता झाला. बस इथं. सोमवारपासून बघतेय, अंगात वारं शिरलंय तुझ्या.”

मुंगी बसली. मग सांगायला लागली. प्रथिन, कस, प्रमाण, नळी. आईला सगळं कळत होतं असं नाही, पण लेकीचा आवाज तिला कळत होता.

“आणि हे सगळं तुझ्यामुळं,” मुंगी शेवटी चिडून म्हणाली. “सांडलं वेचावं, उरलं झाकावं. लहानपणापासून कानीकपाळी ओरडलीस. कपाटात वाट्या, वाट्यांवर ताटल्या, ताटल्यांवर वाट्या.”

“वा गं वा! नाचता येईना, अंगण वाकडं!” आई ताठ झाली. “उरलं झाकावं म्हटलं मी. झाकलेलं काढावं, गरम करावं, परत ठेवावं, परत काढावं, परत गरम करावं, असं कधी म्हटलं? एकदा काढलं की संपवायचं, नाही संपलं तर टाकायचं. विचार कुणालाही. आणि दुसरं, मी कधी शिळं वाढून ताजं म्हणाले का? सांग. कधी म्हणाले?”

चौकोनातली खूण मुंगीनं आईला सांगितलीच नव्हती. तरी म्हातारीनं बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं.

“कामावरून काढतील मला,” मुंगी म्हणाली.

“काढतील.”

“काढणार नाहीत असं म्हणायचं असतं, आई.”

“तुला खोटं ऐकायचं असेल तर शेजारणीकडं जा. ती छान बोलते.” मग आईनं हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. “त्या पोरीला काय सांगणारेस? फोनवालीला?”

“उद्या रंग घातल्यावर बघते.”

“रंग घातल्यावर,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मुंगीला ते रात्रभर पुरलं.

गुरुवारी सकाळी तिनं निळा घातला. चार तास लागतात. ती चार तास तिथंच उभी राहिली. बसली असती तर लवकर झालं नसतं, उभं राहूनही झालं नाही. आधी खळग्यांच्या कडा जांभळट झाल्या, मग पहाट फुटावी तसा एकेक खळगा उजळत गेला. वरच्या ओळीत गुलाबी आठव्या खळग्यापर्यंत गेलं. खालच्या ओळीत सातव्यापाशी थांबलं. तिनं ताटली फिरवली, उलट्या बाजूनं मोजलं, डोळे मिटून उघडून मोजलं. एक खळगा कमी. एक खळगा म्हणजे निम्मं.

ती ताटली घेऊन ती थोरल्या बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नळी, खुणा, फोनवाली, शुक्रवार.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, ताटली बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “आठव्यापर्यंत जातंय अजून माझं प्रमाण. बारा वर्षं झाली.” त्या आवाजात थोडी माया होती. मग म्हणाल्या, “दार लाव.”

मुंगीनं दार लावलं.

“मुंगे, नियम मी लिहिलाय, तो मोडलास तू. पण दोन वर्षं तुझ्या कागदांवर तपासणीची सही माझीही आहे. मी कपाट उघडून कुप्या मोजल्या नाहीत. सहाशेच्या साडेअकराशे झाल्या तेव्हा विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या. तेव्हा आपण दोघी एकाच नावेत. आता नीट ऐक. ती नळी फेकून दे. पुढच्या खेपेपासून शाबूत कुपी घे. पण एकदम नाही. एकदम साडेअकराशेच्या सहाशे झाल्या तर सगळ्यांचे डोळे वर जातील. चार खेपांत हळूहळू उतरव. थोडं आत्ता, थोडं पुढच्या वेळी. वर्षभरात सगळं जागच्या जागी. कुणाला कळायचं नाही.”

“आणि गेलेल्या कुप्या?”

“गेल्या त्या गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि ती मुलगी?”

बाईंनी चष्मा परत लावला. “उद्या पाचशे लोकांसमोर बोलेल. त्यातले चारशे झोपलेले असतील. बाकीचे घरी जाऊन करून बघतील, कुणाला जमणार नाही, आणि दोन-चार वर्षांत सगळे विसरतील. असं होतं. विज्ञान आपोआप दुरुस्त होतं.”

“आपोआप म्हणजे कोण करतं, बाई?”

“म्हणजे?”

“कुणीतरी करत असेल ना. कुणीतरी दोन वर्षं बसून शोधत असेल, की हे का जमत नाही. आणि त्याला कुणीतरी लिहीत असेल, दोष कृपया आपल्या पेशींत शोधावा.”

बाईंनी ताटली तिच्याकडं सरकवली. मग हळूच म्हणाल्या, “माझी दोन वर्षं राहिलीत इथली. तुझी वीस. जा, जेवून घे.”

“हो,” मुंगी म्हणाली.

आणि खरंच, ती ‘हो’ म्हणाली. वीस वर्षं हा काही लहान शब्द नव्हे. ती जेवायच्या खोलीत गेली, डबा उघडला, डबा बंद केला. बाहेर बरकतराव कुणालातरी सांगत होते, टाकीच्या कुठल्या अंगाला उभं राहिलं तर उजेड बरा पडतो. ती जिना उतरली, जिना चढली. कागदांच्या कपाटापाशी गेली, दोन वर्षांच्या खेपांचे कागद काढले, सगळे, अकरा खेपा. प्रत्येकावर चौकोन, प्रत्येक चौकोनात तिची नेटकी खूण. तिनं लाल पेन घेतलं आणि पहिल्या कागदावरच्या चौकोनाशेजारी लिहिलं, ‘हे खरं नाही. पुन्हा गोठवलेली नळी वापरली.’ खाली तारीख घातली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर आल्यावर ओळ सरळ आली. सातव्यावर तर अक्षर नेहमीसारखं आलं.

मग तिनं मोजलं. जुन्या प्रत्येक खेपेची एकेक कुपी कपाटात राखून ठेवायची पद्धत होती. म्हणजे प्रत्येक खेप नक्की किती फिकी होती ते शाबूत प्रमाणाशेजारी ठेवून काढता आलं असतं. पण त्याला आठवडा लागणार, आणि शुक्रवार उद्यावर आलेला. तेव्हा तिनं बरकतरावांच्या वजनाच्या वहीतून आणि भरलेल्या कुप्यांवरून साधा भागाकार केला. पहिल्या खेपेत दहा टक्के कमी. मग चौदा. मग अठरा. उतरणच होती ती, एका सरळ रेघेत, आणि शेवटी निम्म्यावर येऊन टेकली होती.

हे सगळे कागद घेऊन ती बाईंच्या टेबलाशी गेली. बाई नव्हत्या. कागदांची एक प्रत तिनं त्यांच्या टेबलावर ठेवली, लाल अक्षरं वर येतील अशी, आणि दुसरी आपल्यापाशी ठेवून फोन उचलला.

“ताई!” पलीकडे मुलगी धापा टाकत होती. “मी आत्ता सामान भरतेय. तासाभरात निघायचंय. काही विसरले का मी? बिल वगैरे?”

“नाही हो. तुम्ही काही विसरला नाहीत.” मुंगीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. इथपर्यंत ती वाक्यं जुळवून आली होती, ती सगळी पळाली. “कुपी ठीक नव्हती,” ती म्हणाली.

“कुठली कुपी?”

“तुमची. आजाऱ्यांना वापरलीत ती. तिच्यात हाक अर्धीच होती. निरोग्यांना दिलीत ती जवळजवळ पुरी होती. तुम्ही दोघांना सारखी दिलीत, पण ती सारखी नव्हती. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी मोजमाप बिघडवलं, आणि वर तुम्हाला लिहिलं की दोष तुमच्याकडे शोधा.”

पलीकडे कशावर तरी काहीतरी ठेवल्याचा आवाज, पिशवी असावी.

“म्हणजे त्या पेशी बहिऱ्या नाहीत,” मुलगी म्हणाली.

“माहीत नाही. असतीलही. पण ते या आकड्यावरून म्हणता येणार नाही.”

“उद्या माझं भाषण आहे.”

“हो.”

“त्यांच्यापैकी दोघी येणार आहेत ऐकायला. आजारी. चाकांच्या खुर्चीतून. मी त्यांना सांगितलंय, तुमच्या दुखण्याचा पुरावा सापडला.” आवाज चढला आणि मधेच फुटला. “तुम्हाला कळतंय का ताई तुम्ही काय केलंत? आता सांगताय? तासभर आधी?”

“मला सोमवारी शंका आली. नक्की आज कळलं. सोमवारीच सांगायला हवं होतं.” तिनं पुढं काही जोडलं नाही. जोडण्यासारखं पुष्कळ होतं, वरचे लोक, पुढचं वर्ष, आठ थेंब. ते सगळं ओठापर्यंत येऊन परत गेलं.

मुलगी रडत होती की नुसती श्वास घेत होती ते कळेना. मुंगी फोन धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठं जायची घाई नव्हती. मागं दार उघडल्याचं तिनं ऐकलं. थोरल्या बाई आत आल्या होत्या आणि टेबलावरच्या लाल अक्षरांशी थांबल्या होत्या. मुंगीनं मान वळवली नाही.

“निरोग्यांच्या पेशी मी गोठवून ठेवल्यात,” मुलगी म्हणाली. आवाज कोरडा झाला होता, कामाचा झाला होता. “आजाऱ्यांच्याही आहेत थोड्या. पुन्हा करता येईल. पण मला खेपेखेपेचा जोर लागेल. कुठली किती कमी ते. सगळ्या.”

“माझ्यासमोर आहेत. अंदाजाचे आकडे आहेत, नक्की पुढच्या आठवड्यात देते. कुणी इथं मला बसू दिलं तर. नाही दिलं तरी देईन.”

“थांबा. लिहून घेते.”

पलीकडे एक खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. “एक पेन चालत नाही या घरात,” मुलगी पुटपुटली. कागद फाडल्याचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारल्याचा, मग पावलं.

“हं, सांगा,” ती म्हणाली.

मुंगीनं पहिला कागद पुढं ओढला आणि खेपेचा क्रमांक वाचायला सुरुवात केली.